वेगवेगळ्या लाकडांचा पेन करताना सांधे सुटतात, कोणता गोंद वापरू?

सागाच्या ठोकळ्यात शिसवाच्या पट्ट्या घालून पेन करता आणि लेथवर सांधे सुटतात, म्हणून चांगला गोंद कोणता असं तुम्ही विचारलंय. मी गोंदाचं नाव सांगणार नाही. सांधा सुटला की जो तो गोंदालाच धरतो, आणि याच गोष्टीवरून माझं थोरल्या भावाशी तीन वर्षं वाजतंय.

आमचे वडील इथे सोलापुरात, पूर्व भागात, जेकार्डच्या मागावर चादरी विणायचे. कारखाना बंद पडला तेव्हा एक धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी मागाची लाकडी नाव, घरी घेऊन आले. दर खंडेनवमीला तो पाटावर असतो, हळदकुंकू लावून. त्यांच्या पंचाहत्तरीला मी त्याच धोट्याचा पेन करायचं ठरवलं. दादा म्हणाला, "हात लावू नकोस." वडील म्हणाले, "घे."

धोटा मधे पोकळ असतो, धाग्याची कांडी बसायला. भरीव लाकूड दोन टोकांना. एका टोकाचं पोलाद काढलं आणि पेनाच्या खालच्या भागापुरता ठोकळा निघाला. वरचा भाग साध्या शिसवाचा केला. ठोकळ्यात हेदूच्या लाकडाच्या पिवळ्या पट्ट्यांची, एकमेकींत गुंतल्यासारखी दिसणारी नक्षी, म्हणजे गाठ, घातली: ४५ अंशांत काप, त्यात पट्टी, मग ठोकळा ९० अंशांनी फिरवून पुढचा काप, असे चार. पट्टी पात्याच्या कापाएवढीच जाड हवी, नाहीतर गाठीच्या रेषा जुळत नाहीत. काळपट धोट्यावर ती पिवळी गाठ उमटली तेव्हा मी लेथ बंद करून नुसता बघत उभा होतो.

पंचाहत्तरी मार्चमध्ये झाली. एप्रिल संपता संपता, ऐन उन्हात, पट्टीच्या कडेला नख अडकेल एवढी फट आली. आत पितळी नळी होती म्हणून पेन तुटला नाही. वडिलांनी सुती दोरा घेतला आणि फटीवर गुंडाळला, इतका सारखा आणि घट्ट की त्याचं टोक कुठे दडवलंय ते मला आजही सापडलेलं नाही. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "गोंद हलका आणलास, धोटा वाया घालवलास."

गोंद हलका नव्हता. धोट्यात वर्षानुवर्षं मागाचं तेल मुरलं होतं आणि मी तो न पुसता चिकटवला. दुसऱ्या टोकाचा पेन केला तेव्हा प्रत्येक काप अ‍ॅसिटोनने पुसला, चिंधी पिवळी व्हायची थांबेपर्यंत, आणि लगेच गोंद लावला. गोंद तोच, त्याच डब्यातला.

तुमच्या साग-शिसवातही अंगचं तेल असतं, म्हणून हेच करा. शिकंजा (क्लॅम्प) फार आवळू नका, सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. प्रत्येक काप रात्रभर वाळू द्या. चार काप म्हणजे चार रात्री. दुसरा खरा गुन्हेगार ड्रिल, पितळी नळीसाठी भोक पाडतानाचं. ७ मिलिमीटरचं बिट धारदार हवं, थोडं आत, लगेच बाहेर, भुसा झटकून पुन्हा आत. जळका वास आला की थांबा, त्या उष्णतेने सांधा तिथेच ढिला होतो. घासताना शिसवाची काळी भुकटी फिकट लाकडात बसते, म्हणून शक्य तेवढं काम धारदार पटाशीने उरका.

पाच मिनिटांत आवळणारा इपॉक्सी मात्र घेऊ नका, गरम झाला की तो लवकर मऊ पडतो. तेवढ्यापुरता गोंदाचा प्रश्न खरा. आणि मास्क लावा, शिसवाची भुकटी अनेकांना बाधते.

वडील अजून दोऱ्याचाच पेन वापरतात. दुसरा त्यांनी दादाला दिला. दादाच्या खिशात त्या पेनाने तीन उन्हाळे काढलेत. दादाने एकदा त्या गाठीवरून नख फिरवावं आणि मग मला सांगावं, गोंद हलका होता का.