वाळवीचे औषध विचारण्याआधी तिचे घर शोधावे

वाळवीबाबत या पंधरवड्यात तीन प्रश्न आले आहेत. एका शेतकऱ्याच्या हलक्या जमिनीत उसाचे बेणे (लागवडीसाठी कापलेली कांडी) उगवत नाही, मात्र शेतात वारूळ कुठेच नाही. दुसऱ्याच्या बांधावर पुरुषभर उंचीचे वारूळ असून आंब्याच्या खोडावर मातीचे लेप चढले आहेत. तिसरा प्रश्न कोकणातील एका घरातल्या लाकडी कपाटाचा आहे. तिघांनीही एकच औषध मागितले आहे. परंतु ही वाळवी एका जातीची नाही आणि तिचे राहण्याचे ठिकाणही एक नाही.

उसाच्या शेतातील वाळवी बहुधा मायक्रोटर्मिस गटातील असावी. ही वाळवी वारूळ बांधत नाही. जमिनीखाली विखुरलेल्या लहान लहान कप्प्यांत राहते आणि बेण्याच्या कापलेल्या टोकातून आत शिरून गाभा खाते व पोकळी मातीने भरते. न उगवलेली कांडी उभी चिरून पाहिल्यास हे लगेच दिसते. घर एका जागी नसल्यामुळे येथे खणून काही साधत नाही. लागवडीच्या वेळी बेणेप्रक्रिया करणे, म्हणजे बेण्याला औषध लावणे, आणि सरीत औषध देणे हाच मार्ग राहतो. कच्चे शेणखत मात्र टाळावे, कारण न कुजलेला काडीकचरा वाळवीला बोलावणेच ठरतो.

बांधावरचे वारूळ बहुतेक ओडोंटोटर्मिस या गटाचे असते. त्याच्या पोटात वाळवी एक प्रकारची बुरशी वाढवते. खाल्लेल्या लाकूड-पाचोळ्याचे पचन तिच्यावरच अवलंबून असते आणि पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी याच बुरशीची असते. खोडावरील लेपाखाली ही वाळवी मुख्यतः साल खाते, म्हणून मोठे झाड लगेच वाळत नाही. नव्या कलमांना मात्र खरा धोका असतो. लेप खरवडून खोडाभोवतीच्या मातीत औषधाचे द्रावण द्यावे. वारुळाचा केवळ माथा फोडून उपयोग नाही, कारण राणी सहसा जमिनीच्या पातळीजवळ किंवा त्याखालच्या कक्षात असते आणि कामकरी वाळवी फोडलेला भाग पुन्हा बांधून काढते. म्हणून पहारीने खोलवर छिद्रे पाडून द्रावण आत ओतावे. हे करताना सापाचे भान ठेवावे. साप वारूळ बांधत नाही, तो त्यात आयता येऊन राहतो. म्हण त्याच्यावरूनच पडली आहे.

औषध निवडताना त्या पिकासाठी व वाळवीसाठी लेबलवर नोंद असलेलेच घ्यावे आणि मात्राही लेबलप्रमाणेच ठेवावी. कोणाच्या गोठ्यात अल्ड्रीन या कीटकनाशकाचा जुना डबा पडून असल्यास तो कदापि वापरू नये. देशात त्यावर १९९६ पासून बंदी आहे.

कपाटाच्या प्रश्नात आधी एक गोष्ट तपासावी. खाली पडलेला चुरा खसखशीसारखा दाणेदार असेल, तर ती कोरड्या लाकडातील वाळवी आहे. पिठासारखा मऊ असेल, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. कोरड्या लाकडातील वाळवीचा मातीशी संबंध नसतो. ती लाकडातच राहते, लाकडातच वाढते आणि दमट किनारपट्टीत अधिक आढळते. त्यामुळे घराभोवती जमिनीत कितीही औषध ओतले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बाधित लाकूड काढून टाकणे किंवा छिद्रांतून लाकडातच औषध भरणे आवश्यक ठरते. याउलट भिंतीवर मातीच्या नळ्या दिसत असतील, तर वाळवी जमिनीतून चढली आहे, आणि तेथे पायाजवळच्या मातीवरच उपचार करावा लागतो.

ओळख पटत नसल्यास मोठ्या पिवळसर-तपकिरी डोक्याचे दहा-बारा सैनिक (वसाहतीची राखण करणारी वाळवी) स्पिरिटच्या लहान बाटलीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आणावेत. केवळ पांढुरकी कामकरी वाळवी आणल्यास जात सांगणे अवघड जाते.