नान्नजच्या माळरानावर फिरताना हातात धरायच्या या दोन जीपीएस यंत्रांपैकी नकाशा कशावर जास्त दिसेल: जीपीएसमॅप ६४ की इट्रेक्स ३२एक्स?

बारीक तपशील हवा असेल तर गार्मिनचा इट्रेक्स ३२एक्स घ्यावा, कारण त्याचा पडदा लहान असला तरी नकाशा त्यावर अधिक स्पष्ट उमटतो. कंपनीच्या माहितीनुसार जीपीएसमॅप ६४ चा पडदा कर्णात २.६ इंच असून त्यावर १६० × २४० पिक्सेल आहेत, तर ३२एक्सच्या २.२ इंची पडद्यावर २४० × ३२० आहेत. म्हणजे कमी जागेत नेमके दुप्पट पिक्सेल. सोलापूरकडच्या सपाट माळावर समोच्चरेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) विरळच असतात. वाट ठरते ती गाडीवाटा, ओढे आणि पाझर तलाव यांवरून, आणि १६० पिक्सेलच्या रुंदीत ओढ्याला लगटून जाणारी गाडीवाट त्याच रेषेत सहज मिसळून जाऊ शकते. नकाशावरच्या माहितीच्या चौकटी मात्र दोन्हींवर बंद कराव्यात, त्या विनाकारण जागा खातात. अडचण एवढीच की दाट पिक्सेलमुळे गावांची नावेही बारीक दिसू शकतात. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर अक्षरांचा आकार वाढवावा किंवा खर्च झेपत असल्यास ३ इंची, २४० × ४०० पिक्सेलचा जीपीएसमॅप ६६एस पाहावा.