प्रयोगशाळेतील रसायनांच्या नोंदीसाठी एक्सेल पुरेसे आहे, की वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे?

ठाण्यातील आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सुमारे सहाशे बाटल्या आहेत आणि त्यांची नोंद एक्सेलमध्येच ठेवावी की सॉफ्टवेअर घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी रबाळे एमआयडीसीतील एका चाचणी प्रयोगशाळेचे स्टोअर सांभाळतो. कपाटाची किल्ली एकाच व्यक्तीकडे असेल तर एक्सेल पुरते. चार-पाच जण बाटल्या काढत असतील तर पुरत नाही. मात्र दोन्हींत नोंद रसायनाची नव्हे, तर बाटलीची हवी आणि प्रत्येक बाटलीला स्वतःचा क्रमांक हवा.

आमच्या जुन्या यादीत ‘आयपीए’, ‘आयसोप्रोपॅनॉल’ आणि ‘2-प्रोपॅनॉल’ अशा तीन ओळी होत्या. तिन्ही नावे एकाच द्रावकाची आहेत हे खरेदी करणाऱ्याच्या लक्षात न आल्याने कपाटात पुरेसा साठा असतानाही तो पुन्हा मागवला जात असे. सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला जागतिक ओळख क्रमांक (याचा 67-63-0), लिहायला लागल्यावर हा घोळ थांबला. या क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरत असल्यामुळे टंकताना झालेली चूक चांगले सॉफ्टवेअर बहुधा तेथेच पकडते. एक्सेल मात्र काही सीएएस क्रमांकांना तारीख समजून परस्पर बदलते, म्हणून तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा.

सॉफ्टवेअर पाहताना मी सर्वप्रथम कपाटाला साठवणुकीचा गट (कोणती रसायने एकत्र ठेवता येतात, ते सांगणारा) देता येतो का, हे तपासेन. इंग्रजी वर्णानुक्रमे बाटल्या लावल्या की नायट्रिक आम्ल आणि नायट्रोबेंझीन शेजारी येतात, आणि त्यांचे मिश्रण स्फोटक असते. दुसरा रकाना बाटली उघडल्याच्या तारखेचा. डायएथिल ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकांत हवेच्या संपर्काने हळूहळू पेरॉक्साइड ही स्फोटक संयुगे साठत जातात. त्यामुळे बूच काढल्याचा दिवस नोंदलेला नसेल, तर बाटलीवर छापलेल्या मुदतीवर विसंबण्यात अर्थ नाही. अॅसिटिक अनहायड्राइड हे एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखालील 2013 च्या आदेशाने नियंत्रित असल्याने कोणी, कधी, किती काढले याचा हिशेब छापून देता आला पाहिजे.

सर्व्हर सांभाळणारे कोणी असेल तर ‘ओपन एन्व्हेंटरी’ हे मोफत सॉफ्टवेअर पाहावे, नसेल तर ‘केमइन्व्हेंटरी’सारखी क्लाउड सेवा सोयीची. लेबलांवर मात्र काटकसर करू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात साध्या कागदाचे लेबल सुटते किंवा त्यावरची शाई पसरते, आणि बारकोड वाचता आला नाही की माणसे नोंद न करताच बाटली नेतात. आम्ही पॉलिएस्टरची लेबले वापरतो.

पहिली मोजणी उन्हाळी सुट्टीत करावी. तेव्हा बिननावाच्या आणि मुदत संपलेल्या बाटल्या निघतीलच. त्या यादीत न चढवता बाजूला काढाव्यात आणि तळोज्याच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था आधी लावावी.