बाबांशी कधी बोललोच नाही, आता काय बोलू?

*ताई, मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून बाबा आयसीयूत कोमात आहेत. आज अठरावा दिवस. सगळे म्हणतात, त्यांच्याशी बोलत राहा. बहीण आत गेली की भरभरून बोलते. मी मुक्यासारखा उभा राहतो. आम्ही बापलेक घरीही फारसे बोलायचो नाही; ते काहीतरी दुरुस्त करत बसायचे, मी टॉर्च धरायचो, एवढंच. आता नर्ससमोर एकट्यानेच बोलायला वेड्यासारखं वाटतं. परवा त्यांनी माझं बोट घट्ट धरलं. मी धावत डॉक्टरांना सांगायला गेलो, तर म्हणाले, "रिफ्लेक्स आहे, जीसीएस सहाच आहे." बाबांना खरंच ऐकू येत असेल का?*

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

आधी बोटाचं. तळहाताला काही टेकलं की बोटं आपोआप मिटतात, हे तान्ह्या बाळातही दिसतं, आणि मेंदूला मोठी इजा झाली की तेच परत येऊ शकतं. त्यामुळे डॉक्टरांचं बरोबर असेल. तू धावत गेलास तेही बरोबरच. पुढच्या वेळी "बाबा, हात सोडा" म्हण आणि मनात पंधरापर्यंत आकडे मोज. धरण्यापेक्षा सांगितल्यावर सोडणं जास्त बोलकं असतं. एकदा झालं तर योगायोग म्हणू, पण पुन्हा पुन्हा झालं तर तारीख-वेळ वहीत लिहून नर्सना दाखव.

जीसीएस म्हणजे ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलेली मोजपट्टी. डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे मिळून गुण; सगळ्यात कमी ३, पूर्ण शुद्धीत १५. घशात नळी असेल तर बोलण्याचे गुण मिळणार कुठून? झोपेचं औषध चालू असतानाही आकडा खाली येतो. तेव्हा 'सहा' ऐकून घाबरण्याआधी हे दोन्ही विचारून घे.

शिवाय ही मोजपट्टी बाहेरून दिसतं तेवढंच मोजते. २०२४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सांगितलेल्या गोष्टीला काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांना मनातल्या मनात एखादी कृती करायला सांगितली आणि मेंदूची तपासणी केली. ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळली होती! बाबा त्यांतले आहेत की नाहीत, हे मला इथे बसून सांगता येणार नाही, आणि खोटी आशा मी लावणार नाही. पण ऐकू येत असेल असं धरून वागण्यात आपलं काही जात नाही. म्हणूनच खर्चाचा हिशेब आणि "आता काही खरं नाही" असली कुजबुज खाटेपाशी नको. ती बाहेर, व्हरांड्यात.

आता तुझा खरा प्रश्न. बहिणीसारखं बोलायला जाऊ नकोस. एरवी अबोल असलेला मुलगा अचानक घडाघडा बोलायला लागला, तर बाबांनाच शंका यायची. आधी नाव सांग, खांद्यावर हात ठेव, मग तुमच्या दोघांचं जे होतं तेच बोल. घरातला पंखा खडखडतोय? कुठला स्क्रू काढलास, कुठला सापडत नाहीये, ते सांग. "टॉर्च नीट धर" म्हणून ते ओरडायचे, तो एखादा दिवस आठवून सांग. पाच मिनिटं पुष्कळ झाली. मध्ये गप्प बसलास तरी चालेल, तुम्ही तसेच तर बसायचात. अगदीच जमत नसेल तर घरी दार लावून फोनवर रेकॉर्ड कर आणि नर्सना विचारून त्यांच्या कानाशी लाव. २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात घरच्यांच्या आवाजातल्या अशाच आठवणी रुग्णांना दिवसातून चारदा, सहा आठवडे ऐकवल्या होत्या, आणि त्यांच्यात सुधारणा दिसली होती. रुग्ण अवघे पंधरा होते, हेही सांगून ठेवते.

बहिणीला मात्र एक सांग, सलग तासभर नको. त्या मेंदूला विसावाही हवा.

नर्सची लाज सोड. त्या स्वतः कूस बदलताना पेशंटला "काका, आता वळवते हं" म्हणतात. ऐकलं नाहीस का कधी?