स्लोला नाचणारा काटा

प्रश्न : मॅडम, माझी तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी 2012 ची आहे. फाटकावर थांबलो की थरथरते, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा आरपीएमचा काटा 600 ते 1000 नाचतो. एसी लावला की कधी कधी बंदच पडते. थोडी रेस दिली की एकदम शांत. कुंभार्ली घाट चार माणसं घेऊन चढते, तिथं काही कुरकुर नाही. गॅरेजमध्ये प्लग आणि कॉइल बदलले, फरक शून्य. आता फ्युएल पंप बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नका बदलू. तुमच्या पत्रातलं घाटाचं वाक्य त्या मेकॅनिकनं नीट ऐकलेलं दिसत नाही. इंजिनाला जास्तीत जास्त पेट्रोल लागतं ते घाटात, भरल्या गाडीनिशी. पंप दमला असता तर गाडी तिथंच रडली असती. कॉइलचंही तेच, कमजोर कॉइल बहुतेक वेळा लोडवर मिसिंग मारते, म्हणजे मधेच ठिणगी चुकवते. आयटीआयमधल्या माझ्या मुलांना मी स्पॅनर हातात घ्यायच्या आधी हेच विचारते : त्रास कधी होतो, आणि कधी होत नाही?

तुमचा त्रास फक्त स्लोला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना आहे. स्लोला थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी पाकळी जवळजवळ बंद असते आणि तिच्यामागच्या इंटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, जोरदार व्हॅक्यूम असतो. अशा वेळी मॅनिफोल्डला जोडलेला एखादा होज (रबरी नळी) चिरला असेल तर तिथून आत शिरणारी थोडी हवासुद्धा खूप होते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आरपीएम खाली ओढतो, ते फार पडले की वर ढकलतो. रेस दिली की एवीतेवी भरपूर हवा आत जाते, तिच्यात ही गळती कुठल्या कुठे हरवते.

इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डला जाणारा पीसीव्ही होज (इंजिनातली वाफ परत ओढून घेणारा) आणि ब्रेक हलका करणाऱ्या ब्रेक बूस्टरचा होज, हे दोन आधी पाहा. रबर वाकवून बघा, चिरा खालच्या बाजूला असतात. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली मुक्कामाला येतात, तेव्हा दातांच्या खुणाही शोधा. नाही दिसलं तर गाडी स्लोला ठेवून साध्या स्प्रे बाटलीनं होजच्या सांध्यांवर पाण्याचा हलका फवारा मारा, कनेक्टर आणि कॉइल वाचवून. आवाज किंवा काटा बदलला की जागा सापडली. कार्ब क्लीनर मारून शोधणारे पुष्कळ आहेत. गरम इंजिनावर तो पेट घेतो, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. ब्रेक दाबल्यावर काटा हलत असेल आणि पेडल कडक लागत असेल, तर बूस्टरवर संशय घ्या.

होज धड निघाले तर एअर पाइप काढून थ्रॉटल बॉडीत डोकवा. पाकळीभोवती काळा काजळीचा थर असेल तर तो आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करून घ्या. एसी लावल्यावर आरपीएम सावरायचं काम याच व्हॉल्व्हचं. पाकळी मोटरवर चालणारी असेल तर चावी चालू असताना तिला बोट लावू नका, आणि सफाईनंतर स्कॅनरनं आयडल रीसेट करून घ्या. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळून ‘स्लो वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र हात लावू देऊ नका. दुखणं तसंच राहतं आणि सेटिंग कायमचं बिघडतं.

काटा स्थिर असून नुसतं स्टिअरिंग थरथरत असतं, तर मी इंजिन माउंटिंग पाहायला सांगितलं असतं. तुमचा काटाच नाचतोय. वरचं सगळं करूनही नाचत राहिला तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची फट) आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) तपासून घ्या, आणि आकडे मला कळवा.