गच्चीवरचे पत्रे घणाने फोडताहेत, घरात बुरशी: काम थांबवता येईल का?

प्रश्न: ठाण्यात चार मजली इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. इमारत १९८६ ची. गच्चीवरची पत्र्यांची जुनी शेड सोसायटी काढून टाकते आहे. कंत्राटदाराकडे कामाला असलेली दोन मुलं घणाने पत्रे फोडतात आणि तुकडे वरून खाली टाकतात. ढीग मागे, मुलांच्या झोपाळ्याशेजारी पडलाय. सगळी धूळ आमच्या गॅलरीत येते. याच गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून बेडरूमच्या छताला काळी बुरशी धरली आहे आणि मुलीला दमा आहे. सेक्रेटरी म्हणतात, "साधे सिमेंटचे पत्रे आहेत, आणि घरातली बुरशी तुमची तुम्ही बघा." काम थांबवता येईल का? बुरशीचा खर्च कोणाचा? मेंटेनन्स भरणं बंद करू का?

उत्तर: ताई, आधी आजच्या आज करायचं ते सांगतो, कायदा त्यानंतर. गॅलरीतली धूळ कोरड्या झाडूने झाडू नका आणि घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका, धुळीत ॲस्बेस्टॉस या घातक खनिजाचे बारीक तंतू असू शकतात, ते परत हवेत उडतात. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत घट्ट बांधून वेगळं ठेवा. काम चालू आहे तोवर मुलीला त्या बाजूच्या खोलीत झोपवू नका.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुटक्या पत्र्याच्या कडेला वातीच्या कापसासारखे पांढुरके धागे बाहेर आलेले दिसतात. फोटोवरून ते ॲस्बेस्टॉस आहे असं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही, ते प्रयोगशाळाच सांगेल. पण त्या काळातला करडा, नागमोडी पत्रा म्हटल्यावर अहवाल येईपर्यंत तो ॲस्बेस्टॉसचा आहे असंच धरून चालायचं. सेक्रेटरींचं म्हणणं अर्धंच खरं आहे. अशा पत्र्यात बहुतांश सिमेंटच असतं, त्याला बळकटी यावी म्हणून पांढरा ॲस्बेस्टॉस घालतात. अखंड पत्रा नुसता डोक्यावर असला तर धोका कमी. तो फोडला, कापला, ड्रिल मारला की डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात आणि श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन बसतात. त्यातून होणारे आजार कित्येक वर्षांनी, कधी कधी तीस-चाळीस वर्षांनी वर येतात. चार दिवसांच्या धुळीने तुमच्या घरात कोणाला लगेच काही होईल असं नाही, घाबरून जाऊ नका. मला जास्त काळजी वाटते ती तोंडाला रुमाल बांधून घण घालणाऱ्या त्या दोन मुलांची. ती आज इथे आहेत, उद्या दुसऱ्या गच्चीवर असतील.

आता कायदा. पत्रात "पत्रे बेकायदा आहेत" असं चुकूनही लिहू नका. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती घालायला नकार दिला. तुमची तक्रार पत्रे असण्याबद्दल नाही, ते ज्या रीतीने काढले जातात त्याबद्दल आहे. चौथ्या मजल्यावरून तुकडे भिरकावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० मध्ये बसू शकतं, आणि बेदरकारपणे इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालणं कलम १२५ मध्ये.

राडारोड्याबाबत मात्र नियमात फट आहे आणि समितीचा वकील तिच्यावरच बोट ठेवेल. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसची नोंद आहे, पण ती हा माल बनवणाऱ्या उद्योगाच्या रकान्यात. सोसायटीच्या गच्चीवरच्या पत्र्याचं नाव तिथे नाही. माझं उत्तर असं की त्याच नियमांतली घातक कचऱ्याची व्याख्या अनुसूचीपुरती नाही. ज्या कचऱ्याने आरोग्याला धोका होतो किंवा होऊ शकतो, तो सगळा तिच्यात येतो. शिवाय ॲस्बेस्टॉसच्या कचऱ्याची विल्हेवाट कशी लावावी याचं आयएस ११७६८ हे भारतीय मानक १९८६ पासून आहे. म्हणून मागणी नेमकी करा: काम ताबडतोब थांबवा, ढीग ओला करून जाड प्लास्टिकने झाका, एका तुकड्याची तपासणी सोसायटीच्या खर्चाने करा, उरलेले पत्रे पाणी मारून, बोल्ट सोडवून अखंड उतरवा, कामगारांना योग्य मास्क द्या आणि माल तळोज्यासारख्या अधिकृत घातक कचरा केंद्राकडे पाठवून त्याची पावती दाखवा.

हे पत्र सोसायटीला द्या आणि प्रत महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाण्यातल्या कार्यालयाला. दोन-तीन दिवसांत हालचाल झाली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे उपद्रव दूर करण्याचा अर्ज करता येतो. अशा वेळी मला हाच रस्ता सगळ्यात जवळचा वाटतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात आहे, तिथे कलम १४ चा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. पण एका ढिगासाठी आधीच तिथे धावू नका.

बुरशीचा विषय वेगळ्या पत्रात मांडा, कारण त्याचं दार वेगळं आहे. आदर्श उपविधी (सोसायट्यांची नमुना नियमावली) ६८ नुसार गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि त्याचा गिलावा खराब झाला, तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. जुने उपविधी असतील तर क्रमांक वेगळा असेल, तुमची प्रत पाहा. घरातल्या बाथरूम किंवा सिंकची गळती असेल तर खर्च तुमचा, म्हणून पाणी कुठून येतंय याचा इंजिनिअरचा लेखी अहवाल आधी घ्या. नुसता रंग मारून देतो म्हणाले तर मान्य करू नका. आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग ओला गिलावा काढून नवा, रंग शेवटी. सोसायटी ऐकत नसेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. कपाट, गाद्या, दवाखान्याचा खर्च हे उपविधीत येत नाही. ते नुकसानभरपाई म्हणून मागावं लागेल. मुलीला दमा आधीपासून असेल तर तो बुरशीने वाढला, हे डॉक्टरांच्या कागदांवरून दाखवावं लागेल.

मेंटेनन्स मात्र बंद करू नका. थकबाकीदार झालात की समितीच्या हातात आयतं कोलीत मिळेल, व्याज लागेल, वसुलीचा दाखला निघेल आणि मूळ प्रश्न बाजूला पडेल. "हक्क राखून" असं लिहून भरा. त्यापेक्षा शेजाऱ्यांना गोळा करा. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर समितीला महिन्याभरात विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागते.

फोटो, व्हिडिओ, अहवाल तारखेनिशी जपून ठेवा, या कामात कोण होतं तेही लिहून ठेवा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षं ठेवायला सांगितलं, ते हा आजार इतका उशिरा दिसतो म्हणूनच. कंत्राटदार त्या दोन मुलांची नोंद ठेवेल असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रात कामाच्या तारखा आणि त्यांची नावं आली, तर पुढे कधी त्यांना भरपाई मागायची वेळ आली तर निदान एक कागद तरी असेल. सोसायटी पोच देत नसेल तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच फाइलला लावा.