बेझल की मेक? आधी सांधे मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एकाच रेपोत (कोडच्या भांडारात) रस्टमधलं गणिताचं इंजिन आहे. तेच इंजिन पायथनचं पॅकेज म्हणून बाहेर पडतं आणि वासम (ब्राउझरमध्ये चालणारा वेबअसेम्ब्ली कोड) होऊन टाइपस्क्रिप्टच्या फ्रंटएंडमध्येही जातं. मधे गोमधला सर्व्हर, आणि सगळ्यांना लागणाऱ्या प्रोटोबफच्या फाइली, म्हणजे डेटाचा साचा सांगणाऱ्या, ज्यांच्यापासून प्रत्येक भाषेतला कोड तयार होतो. टीम पाच जणांची, आणि बेझल या बिल्ड टूलवर (सोर्स कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करणारं साधन) जावं का हे ठरत नाहीये.

आत्ता नको, असं माझं मत आहे.

तुमच्या चार भाषांपैकी बहुतेकांना स्वतःचं घर नीट सांभाळता येतं. रस्टच्या कार्गो या बिल्ड टूलला रस्टमधलं काय बदललं ते कळतं. गोला तर १.१० पासून, म्हणजे २०१८ पासून, स्वतःचा बिल्ड कॅश (आधी बनवलेलं जपून ठेवणारा साठा) आहे. तिथे घुसून नवीन कारभारी नेमला तर त्या भाषेचं एडिटर, डीबगर, नवीन माणसाची सवय, सगळंच थोडं थोडं बिघडतं. खरा त्रास होतो तो एका भाषेतून दुसरीत माल जातो तिथे. त्या जागांना मी सांधे म्हणतो. कागद घेऊन तुमचे सांधे मोजा: प्रोटोपासून निघणारे चार बाण, रस्ट ते पायथन एक, रस्ट ते वासम एक, वासम ते फ्रंटएंड एक. झाले सात. सात सांध्यांसाठी बेझल म्हणजे चहाच्या टपरीला लिफ्ट.

सांधा निखळला की काय होतं ते एकदा अंगावर घेतलं आहे. एका जुन्या नोकरीत प्रोटोमधलं ४ नंबरचं फील्ड कुणीतरी काढलं आणि तोच नंबर दुसऱ्या फील्डला दिला. दोन्ही स्ट्रिंग. गोचा कोड नव्यानं तयार झाला, पायथनचा जुनाच राहिला, कारण तो तयार करायची स्क्रिप्ट हातानं चालवावी लागायची आणि ते एकाच माणसाला माहीत होतं. तो रजेवर. एरर कुठेच नाही, कारण प्रोटोबफ डेटा पाठवताना फील्डचं नाव पाठवत नाही, नंबर पाठवतं. गिऱ्हाइकांचे पत्ते फोन नंबरच्या रकान्यात दिसायला लागले तेव्हा कळलं. दोन दिवस गेले. (काढलेला नंबर 'रिझर्व्ह्ड' म्हणून नोंदवायचा असतो, हा धडा वेगळा.) यात टूल कमी पडलं नव्हतं. तो बाण कुठेच लिहिलेला नव्हता.

म्हणून तुमच्याकडे मी असं करेन: वरच्या पातळीवर एक मेकफाइल (मेक या जुन्या बिल्ड टूलची नियमांची फाइल), तिच्यात फक्त सात सांधे. आतलं काम कार्गो, गो, मॅच्युरिन (रस्टचं पायथन पॅकेज बनवणारं टूल) आणि एनपीएमकडे (जावास्क्रिप्टचं पॅकेज टूल). मेक १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमननं लिहिलं. टॅबचा तो कुप्रसिद्ध नियमही (कमांडची ओळ टॅबनंच सुरू व्हायला हवी) तेव्हाचाच. चूक लक्षात आली तोवर डझनभर लोक वापरायला लागले होते, त्यांचं मोडायला नको म्हणून तशीच राहिली. आपण अजून भोगतोय. तरी ते सगळीकडे मिळतं आणि वाचणाऱ्याला कळतं.

मात्र मेक वापरताना दोन जागी हमखास पाय घसरतो.

पहिली जागा 'फोनी', म्हणजे खरी फाइल नसलेलं, नुसतं नावाचं टार्गेट (मेकला जे बनवायचं असतं ते). लोक कार्गोच्या टार्गेटला फोनी करतात आणि पायथनचं पॅकेज त्याच्यावर अवलंबून ठेवतात. मग रस्टमध्ये काही बदललेलं नसलं तरी पॅकेज दर वेळी नव्यानं बनतं, कारण फोनीवर अवलंबून असलेली फाइल मेकच्या लेखी कायमच शिळी. त्याऐवजी कार्गोतून बाहेर पडणारी खरी फाइल हेच टार्गेट ठेवा आणि तिला 'फोर्स' नावाच्या रिकाम्या नियमावर अवलंबून ठेवा. कार्गो दर वेळी चालेल, काही बदललं नसेल तर फाइलला हात न लावता लगेच परत येईल, आणि मेक त्या फाइलची वेळ पाहून पुढचं काम सोडून देईल. चार ओळींची युक्ती आहे, पण हिच्यामुळे मेक आणि कार्गो एकमेकांच्या कामात लुडबुड करत नाहीत.

दुसरी जागा वेळेचा शिक्का. मेक फाइलची वेळ पाहतं, आतला मजकूर पाहत नाही. गिट वेळ जपून ठेवत नाही, क्लोन केल्यावर सगळ्या फाइलींना क्लोनचीच वेळ लागते. त्यामुळे सीआयवर (बदल आला की आपोआप बिल्ड करून तपासणारी व्यवस्था) कालचा कॅश आणून ठेवला तरी सोर्स आजचा दिसतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. उलटा प्रकार जास्त वाईट: प्रोटोची फाइल कुणी डिलीट केली तरी तिच्यापासून बनलेला कोड पडून राहतो आणि लोक तो इम्पोर्ट करत राहतात. यावर माझा उपाय जुनाट वाटेल. तयार झालेला कोड रेपोत कमिट करा, आणि सीआयनं तो फोल्डर पुसून पुन्हा तयार करून गिट डिफ पाहावा. फरक निघाला की बिल्ड लाल. काही जणांना कमिट केलेला जनरेटेड कोड बघवत नाही. पाच जणांच्या टीमला तो परवडतो, आणि रिव्ह्यूमध्ये प्रोटोच्या बदलाचा परिणाम डोळ्यांना दिसतो. प्रोटोसी (प्रोटोमधून कोड बनवणारं टूल) आणि त्याच्या प्लगइनची आवृत्ती तेवढी पक्की करून ठेवा, नाहीतर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळा डिफ.

'जस्ट' सुचवणारे भेटतील. छान आहे, पण ते कमांड चालवणारं टूल आहे, काय शिळं झालं ते त्याला कळत नाही. मेसन सी आणि सी++साठी उत्तम, तुमच्याकडे दोन्ही नाहीत. पँट्स इम्पोर्ट वाचून डिपेंडन्सी (काय कशावर अवलंबून आहे ते) स्वतः ओळखतं, पायथन मुख्य असतं तर मी नक्की सुचवलं असतं.

आता बेझल. गूगलनं आपल्या आतल्या ब्लेझ या बिल्ड टूलमधून ते २०१५ मध्ये बाहेर काढलं. ते मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) पाहतं, प्रत्येक काम बंद खोलीत करतं, आणि एकानं बनवलेला माल रिमोट कॅशमधून दुसऱ्याला मिळतो. वर सांगितलेले मेकचे दोन्ही घोळ तिथे होतच नाहीत. बदल्यात प्रत्येक डिपेंडन्सी बिल्ड फाइलीत लिहावी लागते, आणि रस्टचे, पायथनचे, जेएसचे नियम वेगवेगळ्या गटांनी सांभाळलेले असतात, त्यांच्या आवृत्त्यांमागे धावावं लागतं. बाहेरच्या डिपेंडन्सी लिहायची जुनी वर्कस्पेस पद्धत जाऊन बीझेडएलमॉड आलं, ७ व्या आवृत्तीपासून तेच डिफॉल्ट. ज्यांचं सगळं जुन्या पद्धतीत होतं त्यांना स्थलांतर करावं लागलं. हे काम कुणाच्या तरी नावावर असावं लागतं, आणि तुमच्या पाचांतला एक जण त्यात अर्धा अडकेल. कुबर्नेटीस या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पानं २०२१ मध्ये मुख्य रेपोतून बेझल काढून टाकलं. मेक आणि गोचं बिल्ड चालूच होतं, दोन व्यवस्था सांभाळायचं ओझं नको झालं होतं. तिथे हात कमी नव्हते, तरी.

मग बेझल कधी? सीआय पाऊण तासावर गेलं आहे, त्यातला बराच वेळ न बदललेलं पुन्हा बनवण्यात जातोय, आणि सांधे तीस-चाळीस झाले आहेत, अशा वेळी मी स्वतःच आग्रह धरेन. सांधे मेकफाइलीत स्वच्छ लिहिलेले असले तर तेव्हाचं स्थलांतरही सोपं जातं, बाण तयारच असतात.

मॅक वापरणारे कोणी असतील तर एक गोष्ट आजच तपासा. ॲपल अजून २००६ सालचं मेक ३.८१ देतं, कारण त्यानंतरचं मेक जीपीएल ३ या परवान्याखाली आहे. एका प्रोटोतून एकदम चार फाइली निघतात हे सांगायची '&:' ही खूण ४.३ मध्ये, २०२० साली आली. जुनं मेक त्यावर तक्रार करत नाही, '&' हे आणखी एका फाइलीचं नाव समजतं आणि तीच कमांड चारदा चालवतं. समांतर चालवलं तर चारही एकाच वेळी, एकाच फोल्डरवर. होमब्र्यूवरून (मॅकचं पॅकेज टूल) नवीन मेक घ्या आणि मेकफाइलीच्या सुरुवातीलाच आवृत्ती तपासून थांबवा. आणि टीममध्ये कोणी विंडोजवर आहे का ते सांगा, तसं असेल तर मेकबद्दलचं माझं म्हणणं थोडं बदलेल.